वाचकांचे प्रश्न : मनाचे खेळ आणि ज्याची त्याची मर्जी

प्रश्न (खानापूर तालुक्यातून एक वहिनी) : शुगरमुळं सासऱ्यांचा डावा पाय गुडघ्याखाली काढला. आता रात्री नसलेल्या पायाची बोटं दुखालीत म्हणून ओरडतात. घरातले म्हणतात मनाचे खेळ आहेत, लक्ष देऊ नको. खरंच दुखत असेल का?

वहिनी, दुखतंय, नक्की दुखतंय. डॉक्टर याला फँटम पेन म्हणतात आणि हातपाय काढलेल्या बहुतेकांना ते कमीजास्त होतंच. पाय गेला तरी मेंदूत पायाची जागा आहे तशीच राहते, कापलेल्या नसांची टोकं पण गप्प बसत नाहीत, मग दुखणं त्या बोटात आहे असंच वाटणार की, दुसरं कुठं वाटणार?

हा प्रश्न लई जुना आहे. फ्रान्सच्या देकार्त या तत्त्वज्ञानं 1641 च्या ग्रंथात अशाच हातपाय गेलेल्या माणसांचा दाखला दिलाय, आतून होणारी जाणीवसुद्धा फसवू शकते हे दाखवायला. त्याचं म्हणणं मन वेगळं आणि शरीर वेगळं. त्यावर 1643 ला बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ, तेव्हा चोवीस वर्षांची पोरगी, तिनं पत्रातून विचारलं की मनाला जर आकारच नाही, ते कशाला शिवूच शकत नाही, तर ते शरीराला हलवतंय कसं? देकार्तनं उत्तरं दिली पण तिचं काय समाधान झालं नाही, आणि खरं सांगायचं तर माझंही नाही. आपल्याकडं सांख्य दर्शनवाल्यांनी हा घोळच घातला नाही, त्यांनी मनाला शरीराबरोबर प्रकृतीच्या, म्हणजे जड सृष्टीच्या बाजूला बसवलं आणि पुरुष, म्हणजे आतली शुद्ध जाणीव, तेवढी नुसती बघणारी म्हणून वेगळी काढली. म्हणजे त्यांच्या हिशोबानं मनाचे खेळ म्हटले तरी ते शरीराच्या घरातच चाललेत.

मला खटकतं ते वेगळंच. आपण "मनाचं आहे" कधी म्हणतो बघा, समोरच्यासाठी काही करायचं नसलं की म्हणतो. बाईचं डोकं दुखलं, मनाचं. म्हाताऱ्याचा पाय दुखला, मनाचं. दुखणं खरं की खोटं हे त्यात कुणी बघतच नाही, आपले हात मोकळे झाले की बास. त्यामुळं आज रात्री ओरडले तर कुठलं बोट, जळतंय का ओढ लागल्यासारखं होतंय एवढं विचारून लिहून ठेवा, डॉक्टरला तेच लागतं. यावर गोळ्या असतात. मेंदूतज्ज्ञ डॉ. रामचंद्रन यांनी काढलेली आरशाची युक्ती पण आहे, चांगल्या पायाचं प्रतिबिंब बघत तो पाय हलवायचा, गुण सगळ्यांना येत नाही पण काहींना येतो, फिजिओवाल्याला विचारून बघा.

प्रश्न (निपाणीहून एक दुकानदार) : माझं तंबाखू-बिडीचं दुकान आहे. मी कुणाच्या तोंडात घालत नाही, ओढणारा आपल्या मर्जीनं ओढतो. कॉलेजातली मुलगी म्हणते, पप्पा तुम्ही विष विकता. माझा दोष आहे का?

दादा, थोडा आहे. पहिली बिडी मर्जीनं असेल, तीही बहुतेकांची पोरवयातच. नंतर निकोटिन काही सेकंदात मेंदूत पोचतंय, आणि सवय लागली की सकाळी उठून बिडी मागणारी ती मर्जी त्या माणसाची किती आणि निकोटिनची किती हे तुम्हीच सांगा, रोजची गिऱ्हाइकं बघताय. म्हणजे वर वहिनींच्या घरी "मनाचं आहे" म्हणून हात झटकले आणि तुमच्याकडं "मर्जी आहे" म्हणून.

पण सगळा दोष तुमच्या एकट्याच्या डोक्यावर ठेवणं मला पटत नाही. तंबाखू पिकवणारा शेतकरी आहे, तंबाखूच्या दरासाठी 1981 ला याच निपाणीत हायवे अडवून बसलेले लोक गोळीबारात मेले. हजार बिड्यांमागं ठरलेली मजुरी घेऊन बिड्या वळणाऱ्या बायका आहेत, धूळ त्यांच्या छातीत जाते. या बायकांना तू विष करतेस म्हणायला माझी जीभ रेटणार नाही, कारण त्यांच्याजवळ दुसरं काम कुठं आहे? ज्याच्याकडं नफा जास्त आणि दुसरा रस्ताही आहे त्यानं जास्त उत्तर द्यावं, असं माझं मत. तुम्ही मधे कुठंतरी बसता. मी नाही विकलं तर शेजारचा विकेल हे मात्र म्हणू नका, त्या हिशोबानं कुठलंही काम करता येईल. पोरांना द्यायचं नाही, शाळेच्या 100 यार्डात विकायचं नाही, हा तर कायदाच झाला. त्याच्या पुढं जाऊन दुकानात दुसरा माल वाढवता येतो का बघा. आणि तुझी फी याच पैशातून जाते असं मुलीला सुनवू नका, तिला ते माहीत आहे म्हणूनच ती बोलतेय.

प्रश्न (बेळगावहून एक विद्यार्थी) : सगळं मेंदूच करत असेल तर गुन्हेगाराला शिक्षा कशासाठी?

आपण काय करतोय हे आजारामुळं कळतच नव्हतं अशा माणसाला कायदा आधीच सोडतो, जुन्या दंड संहितेत कलम 84 होतं, आता न्याय संहितेत कलम 22. बाकीच्यांनी "मेंदूनं केलं" म्हणून उपयोग नाही रे, शिक्षा पण जजच्या मेंदूनंच दिलेली असते.