खेळाडूंच्या आत्मचरित्राचं परीक्षण लिहिताना नेमकं काय बघावं?

स्वतः कधी मैदान गाजवलं नसताना खेळाडूंच्या आत्मचरित्रांची परीक्षणं लिहावीत का, असं तुम्ही विचारलंय. जरूर लिहा. आपल्याला पुस्तक तपासायचं असतं, कव्हर ड्राइव्ह नाही. मुंबईत खरी अडचण वेगळीच आहे. खेळाडूंवर आपलं इतकं प्रेम, की परीक्षणाचा सत्कार समारंभ होतो. अर्धा लेख शतकं मोजण्यात जातो आणि पुस्तक कसं आहे ते कळतच नाही.

मी आधी प्रकाशनाचं साल बघतो. गावसकरांचं 'सनी डेज' १९७६ चं. पदार्पण १९७१ चं आणि निवृत्ती १९८७ ची. म्हणजे पुस्तक आलं तेव्हा निम्म्याहून जास्त कारकीर्द बाकी होती, त्याच ड्रेसिंग रूममध्ये वावरायचं होतं. हे ध्यानात ठेवलं की त्यातल्या रोखठोक शेऱ्यांचं मोल कळतं. तेंडुलकरांचं आत्मचरित्र आलं २०१४ मध्ये, निवृत्तीनंतर वर्षभराने. मुलतानला २००४ मध्ये ते १९४ वर नाबाद असताना डाव घोषित झाला, त्याची नाराजी त्यांनी मोकळेपणाने लिहिली. मॅच फिक्सिंगच्या काळाबद्दल मात्र फारसं काहीच नाही. परीक्षणात दोन्ही गोष्टी यायला हव्यात, मग आपण त्यांचे कितीही चाहते असू.

शब्द कुणाचे आहेत तेही बघा. टेनिसपटू आंद्रे आगासींचं 'ओपन' (२००९) लेखक जे. आर. मोरिंगर यांच्या मदतीने लिहिलं गेलं, पण मोरिंगरांचं नाव मुखपृष्ठावर नाही, आभारात आहे. टेनिसचा तिटकारा असल्याची कबुली आगासींचीच, पण शैलीचं कौतुक करताना मोरिंगरांचंही नाव घ्यायला हवं.

आता एक मनापासूनची विनंती. जुन्या काळचे दलित क्रिकेटपटू विठ्ठल पालवणकर यांचं 'माझे क्रीडा-जीवन' हे १९४८ चं मराठी पुस्तक शोधा. रामचंद्र गुहांनी भारतीय क्रिकेटचा इतिहास लिहिताना त्याचा आधार घेतला, आपण मराठी वाचक मात्र ते विसरलो. विठ्ठलरावांचे थोरले भाऊ बाळू यांनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. ते बळी धावफलकात दिसतात. पण पुण्यात हिंदू संघाकडून (तेव्हा संघ धर्मानुसार असत) खेळताना चेंडू सगळ्यांनी हातोहात द्यायचा आणि चहा मात्र बाळूंना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळायचा, हे कुठला धावफलक सांगणार? जातीमुळे बाळूंना हिंदू संघाचं कर्णधारपद कधीच मिळालं नाही. १९२३ मध्ये ते विठ्ठलरावांना मिळालं, तेही भावांनी निषेध म्हणून संघाबाहेर राहून दाखवल्यावर. मरीन लाइन्सवरून लोकलने जाताना जे जिमखाने दिसतात, त्यांच्या मैदानांचा हाही इतिहास आहे.

दादर-गिरगावच्या जुन्या ग्रंथालयांत चौकशी करा. प्रत हाती लागली तर पहिलं परीक्षण त्याचंच लिहा, आणि त्यातले उतारे भरपूर द्या, कारण बहुतेक वाचकांना मूळ पुस्तक मिळणारच नाही.