केमोनंतर वेगळे काढलेले ताट

कर्करोगाचे उपचार संपून दोन-तीन महिने झाल्यावर माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारे बहुतेक रुग्ण एक प्रश्न हमखास विचारतात: शरीरात साचलेले केमोचे विष बाहेर कसे काढायचे? मालतीताईंनीही तोच विचारला. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.) मात्र त्या रिकाम्या हाताने आल्या नव्हत्या. त्यांच्या पिशवीत गुळवेलीच्या गोळ्या होत्या, गव्हांकुराची पावडर होती, कोणतेही लेबल नसलेली भस्माची एक पुडी होती आणि एकवीस दिवस केवळ रस पिऊन राहण्याचा छापील तक्ता होता. दुधीच्या रसाचे नऊ दिवस पूर्ण झाले आहेत, आता पुढे न्यावे का, एवढेच त्यांना माझ्याकडून हवे होते.

मालतीताई छप्पन्न वर्षांच्या, मूळच्या रत्नागिरीकडच्या आणि लग्नानंतर लालबागच्या चाळीत राहिलेल्या. स्तनाच्या कर्करोगासाठी त्यांनी आधी ‘लाल केमो’ची चार इंजेक्शने घेतली, मग दर आठवड्याची बारा, त्यानंतर शस्त्रक्रिया झाली आणि शेवटी पंधरा दिवस शेक, म्हणजे रेडिएशन. त्यापुढे पाच वर्षे रोज एक लेट्रोझोलची गोळी घ्यायची होती. आजार कळला तेव्हा त्यांचे वजन अठ्ठावन्न किलो होते. माझ्यासमोर बसल्या त्या दिवशी ते एकावन्न भरले.

त्या पहिल्या भेटीत माझी एक चूक झाली. त्यांची भीती पुरती ऐकून न घेताच मी माहिती द्यायला सुरुवात केली. लाल केमो घेतल्यावर एक-दोन दिवस लघवी लालसर होते आणि मग आपोआप स्वच्छ होते, हे त्यांनी स्वतः पाहिले होते. शरीर ते औषध बाहेर टाकू लागल्याची ती डोळ्यांना दिसणारी खूण होती, हे मी त्यांना सांगितले. यकृत आणि मूत्रपिंडे केमोच्या बहुतेक औषधांचे विघटन करून ती काही तासांत किंवा काही दिवसांत बाहेर टाकतात. प्लॅटिनमयुक्त औषधांचे सूक्ष्म अंश मात्र दीर्घकाळ रक्तात सापडतात, पण कोणताही रस किंवा काढा ते ओढून काढू शकत नाही, हेही मी सांगितले. त्यांनी सगळे शांतपणे ऐकले आणि मग विचारले, “मग मॅडम, माझ्या पायाच्या बोटांना अजून मुंग्या का येतात? सकाळी उठल्यावर गुडघे का धरतात? विष गेलं असेल, तर हे काय आहे?”

हा प्रश्न पूर्णपणे रास्त होता. आपण रुग्णाला ‘औषध निघून गेले आहे’ असे सांगतो आणि त्याचे शरीर त्याला रोज उलट साक्ष देत असते. त्यातूनच ‘शुद्धी’चा विचार घर करतो. मुंग्या येतात त्या दर आठवड्याच्या केमोने चेतातंतूंना इजा झाल्यामुळे. आग विझली तरी भाजल्याची जखम भरायला वेळ लागतो, तसे औषध निघून गेल्यावरही चेतातंतू सावरायला कित्येक महिने लागतात आणि काहींच्या बाबतीत थोडी बधिरता कायमची राहते. गुडघे धरण्याचे कारण तर वेगळेच होते. लेट्रोझोल शरीरातील इस्ट्रोजेन खूप कमी करते आणि त्यामुळे अनेक स्त्रियांचे सांधे दुखतात. ते दुखणे मालतीताईंनी ‘सांध्यांत मुरलेले विष’ समजून घेतले होते.

पुढे त्यांनी दादरजवळच्या एका केंद्राबद्दल सांगितले. तिथे कोमट मिठाच्या पाण्यात पाय बुडवून त्यात वीज सोडतात, पंधरा मिनिटांत पाणी तपकिरी होते आणि ‘हे तुमच्या अंगातून निघालेले विष’ म्हणून ते दाखवतात. अशी पाच सत्रे त्यांनी घेतली होती. त्या पाण्याला रंग येतो तो मिठाच्या पाण्यात धातूची पट्टी गंजल्यामुळे. त्यात कोणी पाय बुडवले नाहीत, तरीही ते तपकिरीच होते. हे ऐकून त्यांना राग येईल, असे मला वाटले होते, पण त्या रडू लागल्या. “ते पाणी बघून मला बरं वाटायचं. वाटायचं, आता नातवाला जवळ घेता येईल.”

मग खरी गोष्ट बाहेर आली. शेक संपून तीन महिने झाले तरी त्या चार वर्षांच्या नातवाला मांडीवर घेत नव्हत्या. आपल्या अंगात किरणे आहेत, केमो आहे, ते पोराला बाधेल, असे त्यांच्या मनाने घेतले होते. घरात कोणी काही म्हटले नव्हते. त्यांनी आपणहूनच स्वतःचे ताट, भांडे आणि टॉवेल वेगळे काढले होते. या विषयात सर्वांत कमी बोलले जाते ते याच भीतीबद्दल, असे मला वाटते. आपल्याकडे विटाळाची कल्पना इतकी खोल रुजलेली आहे की उपचारांनी शरीर ‘अशुद्ध’ झाले, हे कोणी शिकवावे लागत नाही. बाहेरच्या यंत्रातून दिलेल्या रेडिएशनमध्ये यंत्र बंद होताच किरणे थांबतात आणि अंगात काहीही उरत नाही, हे मी त्यांना त्या दिवशी तीनदा सांगितले. तिसऱ्यांदा सांगितले ते त्यांच्या सुनेला बोलावून तिच्यासमोर, कारण घरी गेल्यावर त्यांना हे पुन्हा ऐकवणारे कोणीतरी हवे होते.

निघता निघता त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली: सहा आठवड्यांपासून लेट्रोझोल बंद आहे. “तेही केमिकलच ना?” असे त्या म्हणाल्या. मी समुपदेशक आहे, औषधांबाबतचा निर्णय माझा नाही. म्हणून त्याच दिवशी त्यांच्या कर्करोगतज्ज्ञांना कळवले आणि आठवड्याच्या आत त्यांची भेट ठरवली. मालतीताईंच्या, म्हणजे इस्ट्रोजेनवर वाढणाऱ्या कर्करोगाच्या प्रकारात हीच गोळी रोग परत येण्याचा धोका कमी करते. मला काळजी वाटली ती दुधीच्या रसापेक्षा याचीच. अमेरिकेतील एका अभ्यासात, जो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, बऱ्या होण्यासारख्या कर्करोगावर प्रचलित उपचार नाकारून केवळ पर्यायी उपचार घेतलेल्यांत मृत्यूचा धोका अडीच पट आढळला, आणि स्तनाच्या कर्करोगात तो पाच पटींहून अधिक होता. मालतीताईंनी मुख्य उपचार घेतले होते, ते नाकारले नव्हते. तरीही ‘शुद्धी’च्या ओघात औषध सुटते, हा त्याच वाटेवरचा एक टप्पा आहे.

तज्ज्ञांकडे जाताना पिशवीतील प्रत्येक वस्तू सोबत न्या, एकही लपवू नका, असा माझा आग्रह होता. तपासणीत त्यांच्या यकृताची एन्झाइम्स वाढलेली निघाली. गुळवेल आणि भस्माची पुडी थांबवल्यावर सहा आठवड्यांत ती उतरली. त्यावरून कारण गुळवेलच होते, असे डॉक्टरांनी ठामपणे म्हटले नाही आणि मीही म्हणत नाही. मात्र कोविडच्या काळात गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईतील डॉक्टरांनीच २०२१ मध्ये प्रसिद्ध केली होती. भस्मात शिसे किंवा पारा असू शकतो आणि लेबल नसलेल्या पुडीत काय आहे, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. दुधीचा रस कडू लागला तर तो घोटभरही पिऊ नये. त्यातील द्रव्याने रक्ताच्या उलट्या होऊन माणसे दगावली आहेत.

एवढे सगळे काढून घेतल्यावर हातात काही द्यायला हवे होते. उपचार चालू असताना रुग्ण दर आठवड्याला रुग्णालयात येतो, ओळखीच्या परिचारिका त्याला नावाने हाक मारतात, आणि मग एके दिवशी ‘तीन महिन्यांनी या’ एवढेच सांगितले जाते. त्या पोकळीत माणूस स्वतःसाठी काहीतरी करू पाहतो, आणि ती इच्छा अतिशय निरोगी आहे. मालतीताईंच्या बाबतीत सुरुवात चालण्याने झाली. दहा मिनिटांपासून वाढवत आठवड्यातून तीनदा अर्धा तास चालायचे आणि दोनदा फिजिओथेरपिस्टने शिकवलेले हलक्या वजनांचे व्यायाम करायचे. कर्करोगानंतरच्या थकव्यावर व्यायामाचा आधार सर्वांत भक्कम आहे, आणि लेट्रोझोलने दुखणारे सांधेही त्याने सुधारतात. योगासने त्यांना आधीपासूनच आवडत होती. परळच्या टाटा रुग्णालयात स्तनाच्या कर्करोगाच्या साडेआठशे स्त्रियांवर योगाची चाचणी झाली आहे, हे सांगितल्यावर त्यांना धीर आला. त्या चाचणीतही योग नेहमीच्या उपचारांच्या जोडीला होता, हे मी लगेच जोडले. आहारतज्ज्ञांनी रोज साठ ग्रॅमच्या आसपास प्रथिनांचे गणित बसवले: दोन अंडी, घट्ट वरण, मुगाची उसळ, दही, आणि ‘तामसी’ म्हणून सोडलेला बांगडा पुन्हा ताटात.

लेट्रोझोल त्यांनी पुन्हा सुरू केली. चार महिन्यांनी त्यांचे वजन चौपन्न झाले. पायाच्या बोटांना मुंग्या अजून येतात, पण आता त्या मऊ चप्पल घालतात आणि रोज रात्री तळवे तपासतात. आषाढीच्या आधी त्या पुन्हा आल्या आणि यंदाचा उपवास धरू का, असे विचारले. दुधीच्या रसाच्या वेळी त्या अगतिकपणे बोलत होत्या, तसा सूर या वेळी नव्हता. मी त्यांना आहारतज्ज्ञांकडे नेले. राजगिरा, दूध आणि शेंगदाणे पोटभर खाणार असाल तर एक दिवस जरूर धरा, गोळी मात्र चुकवू नका, असे त्यांनी सांगितले. बाहेर बाकावर नातू थांबला होता. त्याच्या हातात आजीचा डबा होता आणि तो त्यातलीच पोळी खात होता.