'सोयरसुतक' मधलं सोयर म्हणजे सोयरे का?

प्रश्न असा होता की टीव्हीवर ग्रहणाच्या बातमीत 'सूतक काळ सुरू' अशी पट्टी दिसली, पण सुतक तर घरात कुणी गेल्यावर येतं ना, मग ग्रहणाला कसं काय? आणि त्याला जोडून दुसरा प्रश्न, 'मला त्याचं काही सोयरसुतक नाही' ह्यातलं सोयर म्हणजे सोयरेधायरे का?

आधी दुसरा घेतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे. सोयर म्हणजे सोयरे नाहीत. सोयर म्हणजे घरात मूल जन्मलं की भाऊबंदांना येतं ते अशौच, म्हणजे ठरावीक दिवसांचा विटाळ. कोकण-गोव्याकडे सुवेर, सुयेर म्हणतात, बऱ्याच घरांत नुसतं 'वृद्धी आलीय' म्हणतात कारण वंश वाढला. सूती, सूतिका (म्हणजे बाळंतीण) ह्याच कुळातला शब्द आहे हा, हिंदीत बाळंतिणीच्या खोलीला सौरी म्हणतात, ती ह्याचीच भाऊबंद. सोयरा मात्र सहोदर, सोदर ह्यावरून आलेला मानतात आणि मराठीत त्याचा अर्थ लग्नातून जोडलेला नातेवाईक असा झाला, सगे रक्ताचे आणि सोयरे सोयरिकीचे. 2024 मध्ये आरक्षणाच्या वादात 'सगेसोयरे' रोज पेपरात होतं तेव्हापासून हा गोंधळ जास्त वाढलाय असं मला वाटतं.

म्हणजे सोयर जन्माचं आणि सुतक मृत्यूचं. ज्याच्या घरी मूल झालं तरी आपल्याला सोयर नाही आणि माणूस गेलं तरी सुतक नाही, त्याचा आपला काय संबंध? काहीच नाही. 'सोयरसुतक नसणं' चा अर्थ इथून आला. आणि ज्यांना आपण सोयरे म्हणतो त्या व्याह्याव्याह्यांत तर एकमेकांचं अशौच धरतच नाहीत, त्यामुळे सोयरे हा अर्थ घेतला तर वाक्प्रचार उलटाच होतो.

आता गंमत, म्हणजे मला तरी ह्यात फार रस वाटतो, की संस्कृतात सूतक हा शब्द मुळात जन्माचाच आहे. सू म्हणजे प्रसवणे, प्रसूती मधला तोच. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात 'सर्वेषां शावमाशौचं मातापित्रोस्तु सूतकम्' असं स्पष्ट आहे, म्हणजे शवाचं ते शाव अशौच सगळ्यांना आणि सूतक फक्त आईबापांना. पुढे सूतक दोन्हीकडे वापरायला लागले. हिंदीत अजून पुष्कळ ठिकाणी जन्माला सूतक आणि मृत्यूला पातक म्हणतात. मराठीत जन्मासाठी सोयर हा वेगळा शब्द रुळला म्हणून सुतकाकडे मृत्यूच उरला असावा असा माझा अंदाज. आणि मग ते इतकं पक्कं झालं की सुतकी चेहरा, सुतकी वातावरण असले शब्द आले, ते जन्माशी जोडून आज कुणाला सुचणारसुद्धा नाहीत.

सुतक कुणाला किती, हा खरं तर नात्याचा हिशोब आहे. एका मूळपुरुषापासून सात पिढ्यांच्या आतले ते सपिंड, त्यांना दहा दिवस, त्याच्या पलीकडच्या भाऊबंदांना तीन, आणि अजून लांबचं असेल तर नुसती आंघोळ. म्हणून घरातली मोठी माणसं 'त्यांचं आपल्याला सुतक नाही, आंघोळ आहे' असं म्हणतात. लहानपणी हे वाक्य ऐकून कळायचं नाही की आंघोळ तर रोजच असते, ह्यात काय सांगण्यासारखं. सुतक कळल्यावर लागतं हा पण त्यातलाच भाग, दहा दिवसांच्या आत बातमी आली तर उरलेले दिवस, नंतर आली तर तीन, वर्ष उलटून गेलं असेल तर आंघोळ. पूर्वी निधनाचं पोस्टकार्ड यायचं, त्यावर वर श्री नसायचा, वाचून झालं की फाडून टाकायचे, घरात ठेवायचे नाहीत. आता परदेशातल्या मुलाला दुसऱ्या मिनिटाला मेसेज जातो त्यामुळे 'कळल्यावर' ह्या नियमाला फारसं काम उरलं नाही.

मनुस्मृतीच्या त्याच पाचव्या अध्यायात वर्णाप्रमाणे दहा, बारा, पंधरा दिवस आणि शूद्राला महिना असाही भेद लिहिलाय, तो टाकून द्यावा असाच आहे. पण मला त्याहून जास्त लागतं ते लेकीचं. लग्न झालेल्या मुलीला आईवडील गेले तर तीन दिवस, आणि सासरच्या कधी न पाहिलेल्या चुलत चुलत सासऱ्याचे दहा. शास्त्राच्या दृष्टीने तिचं गोत्र बदललं हे कारण आहे ते कळतं, तरी जिने शेवटपर्यंत आईचं सगळं केलं तिला तिसऱ्या दिवशी 'तुझं फिटलं' म्हणायचं हे क्रूर आहे. आता पुष्कळ मुली पूर्ण दहा धरतात, काही जणी अग्नीही देतात, आणि ते बरोबर आहे.

'फिटलं' वरून आठवलं, सुतकाची क्रियापदं बघा: सुतक येतं, लागतं, धरतात, पाळतात आणि शेवटी फिटतं. फिटतं ते ऋण, तसंच हे. सोयर पण दहा दिवसांनी फिटतं आणि म्हणून नाव ठेवायचं ते बाराव्या दिवशी, बारसं. तिकडे मृत्यूनंतरचं बारावं. आकडा तोच, पण मराठीने दोघांना वेगळे शब्द दिले आणि कुणी चुकूनही एकाच्या जागी दुसरा वापरत नाही.

राहिलं ग्रहण. ग्रहणाआधीच्या काळाला मराठीत वेध म्हणतात, सूर्यग्रहणाला चार प्रहर आधी, चंद्रग्रहणाला तीन, म्हणजे साधारण बारा आणि नऊ तास. हिंदीत त्याला सूतक म्हणतात आणि हिंदी चॅनलची पट्टी जशीच्या तशी मराठीत आली की आपल्याला वाटतं कोण गेलं. सप्टेंबर 2025 च्या चंद्रग्रहणाला तर ऐन भाद्रपद पौर्णिमेला हेच झालं, गणपती नुकतेच गेलेले आणि सगळीकडे सूतक सूतक. पंचांगात 'वेध' च छापतात, तोच वापरावा.

आणि लिहिताना सूतक की सुतक? संस्कृत म्हणून लिहायचं तर सू दीर्घ, मराठीत रुळलेला म्हणून सु ऱ्हस्व. सोयरसुतक मध्ये मात्र ऱ्हस्वच, जोडून, नपुंसकलिंगी आणि एकवचनी: 'त्यांना लोकांच्या हालांचं काही सोयरसुतक नाही'. 'सोयरेसुतक' लिहू नका.