नवीन चेन टाकल्यावर सायकल जास्तच घसरायला लागली, दुकानदार खरं बोलतोय का?

तुम्ही लिहिलंय की दीड वर्ष वापरलेल्या माउंटन बाईकची चेन चढावर अधूनमधून घसरायची म्हणून सायकल दुकानात दिली, त्यांनी चेन बदलली आणि आता आधीपेक्षा जास्त घसरतेय, वर ते म्हणतायत कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच) आणि चेनरिंगपण (पेडलजवळची मोठी दातेरी चकती) बदलावं लागेल, तर हे खरं आहे की फसवतायत.

कॅसेटचं बहुतेक खरं आहे. पण ते चेन टाकायच्या आधी सांगायला हवं होतं, आणि चेनरिंगचं मात्र डोळ्यांनी बघितल्याशिवाय हो म्हणू नका.

सगळ्यात आधी दुकानात फोन करून तुमची जुनी चेन मागून घ्या, टाकून द्यायच्या आत. तीच तुमचा पुरावा आहे. चेनच्या दोन लागोपाठच्या पिनांमधलं अंतर बरोबर अर्धा इंच असतं, म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्यामुळे २४ कड्या मोजल्या की १२ इंच भरायला पाहिजेत. चेन खिळ्याला लटकवा म्हणजे ताठ राहील, स्टीलची पट्टी घ्या, एका पिनेच्या मध्यावर शून्य धरा आणि १२ इंचाच्या खुणेवर पिनेचा मध्य येतो का बघा. दीड मिलिमीटर पुढे गेला असेल तर चेन अर्धा टक्का लांबलीय, ११ आणि १२ स्पीडला (म्हणजे कॅसेटमध्ये तेवढ्या चकत्या असतील तर) इथेच चेन बदलायची असते. सव्वादोन मिलिमीटरच्या आसपास म्हणजे पाऊण टक्का, ९-१० स्पीडला तिथपर्यंत चालतं. आणि ३ मिलिमीटर म्हणजे एक टक्का, तेवढी गेली असेल तर कॅसेटपण तिच्याबरोबर गेलीय असं धरूनच चाला. उलट जुनी चेन अर्ध्या टक्क्याच्या आत भरली तर कॅसेट झिजलीय या म्हणण्यावर मला तरी शंका येईल, दोष दुसरीकडे असणार.

चेन लांबते म्हणजे काय होतं हे एकदा समजून घ्या, पुढचं सगळं त्यावरच आहे. लोखंड रबरासारखं ताणलं जात नाही. प्रत्येक कडीतली पिन आणि ती जिथे फिरते ती जागा माती-वाळूने घासली जाते, प्रत्येक सांध्यात केसाएवढी ढिलाई येते आणि अशा शंभरच्या वर सांध्यांची मिळून चेन लांब होते. मग तिचे रोलर दातांच्या खोबणीत नीट न बसता थोडे वर चढून बसतात, सगळा जोर थोड्याच दातांवर येतो आणि ते दात चेनच्या मापाने झिजत जातात. जुनी चेन आणि जुनी कॅसेट अशी एकमेकांना सवय झालेली जोडी असते, ती बऱ्यापैकी चालत राहते. त्यात बरोब्बर अर्ध्या इंचाची नवी चेन आणून टाकली की तिचा रोलर त्या बिघडलेल्या खोबणीत बसतच नाही, पायावर जोर दिला की दातावर चढतो आणि उडी मारतो. तुमच्याकडे हेच झालंय असं वाटतं.

माझ्याबाबतीत पण अगदी असंच झालं होतं. पहिल्या माउंटन बाईकला मी वर्षभर चिखलात चालवून फक्त वरून तेल घालत होतो, मोजली कधीच नाही, मग घरीच नवीन चेन टाकली आणि पहिल्याच चढावर उभं राहून पेडल मारताना चेन सुटली, गुडघा हँडलवर आपटला, दोन आठवडे जिना उतरताना त्रास झाला. म्हणून सांगतो, ही नुसती कटकट नाही, उभं राहून जोर लावताना पाय अचानक मोकळा झाला तर माणूस वाईट पडतो, तोपर्यंत चढावर बसूनच चालवा.

आता घसरण्याचं कारण कॅसेटच आहे का हे घरी ओळखता येतं. घसरणं ठराविक दोन-तीन गिअरमध्येच होत असेल, जे तुम्ही सगळ्यात जास्त वापरता तेच, आणि सायकल उचलून हाताने पेडल फिरवलं तर सगळं सुरळीत वाटत असेल, तर कॅसेट. हाताने फिरवतानाही खडखड होते, चेन शेजारच्या चकतीवर जायला बघते, तर गिअरच्या केबलचं सेटिंग बिघडलंय किंवा हँगर वाकलाय (तो काय ते खाली सांगतो). सगळ्याच गिअरमध्ये पेडलच्या दर तीन-चार फेऱ्यांनी एक झटका बसत असेल तर चेनमधली एखादी कडी जाम आहे, चेनची पूर्ण फेरी व्हायला साधारण तेवढ्याच पेडलच्या फेऱ्या लागतात म्हणून हा हिशोब, आणि नवीन चेन जोडलेल्या जागी हे बऱ्याचदा होतं, कडी हाताने आडवी-तिडवी वाकवली की पाच मिनिटांत सुटतं. आणि चेन दातांवर जागच्या जागी असून पेडल पुढे निसटत असेल तर मागच्या चाकातला फ्रीहब, म्हणजे कॅसेट ज्यावर बसते तो भाग, बघायला लावा, त्याचा चेनशी संबंध नाही.

हँगरवर जरा जास्त बोलतो कारण तो सगळ्यात जास्त दुर्लक्षित असतो. मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, फ्रेमला ज्या छोट्या तुकड्याने लावलेला असतो तो हँगर, तो मुद्दाम मऊ ठेवलेला असतो, म्हणजे दगडावर आपटलं तर फ्रेमऐवजी तो वाकावा. सायकल त्या बाजूला नुसती आडवी पडली तरी वाकतो. मागे बसून बघा, डिरेलरच्या दोन्ही छोट्या चाकांची रेघ कॅसेटच्या चकत्यांना समांतर आहे का. एका दुकानात माझी चेन आणि कॅसेट दोन्ही बदलून दिली आणि तरी मधले गिअर नीट लागेनात, शेवटी दुसऱ्या मेकॅनिकने हँगर सरळ करायचं हत्यार लावलं आणि काम दहा मिनिटांत झालं. तो पहिला फसवत होता असं मला आजही वाटत नाही, त्याने तपासलंच नाही एवढंच. तुमच्याकडेही कॅसेट बदलायच्या आधी हँगर तपासायला सांगा. अगदी नवीन प्रकारचे काही डिरेलर हँगरशिवाय थेट फ्रेमवर बसतात, तसा असेल तर हे सोडून द्या.

चेनरिंग सहसा कॅसेटपेक्षा जास्त टिकतं, दात जास्त असल्यामुळे जोर वाटला जातो. पुढच्या बाजूने चेन बोटाने ओढून बघा, दाताचा मोठा भाग उघडा दिसायला लागला तर किंवा दात एका बाजूला हुकासारखे वाकलेत तर बदला. नवीन चेन ओढल्यावर जेमतेम हलत असेल आणि दात सरळ असतील तर राहू द्या.

पैसे लगेच घालायचे नसतील तर अजून एक मार्ग आहे, जुनी चेनच परत लावा आणि ती जोडी पूर्ण संपेपर्यंत वापरा, मग चेन, कॅसेट आणि चेनरिंग तिन्ही एकदम बदला, नवी चेन तोपर्यंत पिशवीत जपून ठेवा. चढ फार नसतील तर हे वाईट नाही. फक्त जोडणीची क्विक लिंक, म्हणजे चेनची दोन टोकं जोडणारी कडी, नवीन घ्या, ११-१२ स्पीडच्या बऱ्याच लिंक एकदाच वापरायच्या असतात.

दुकानात बोलताना "गिअरचा प्रॉब्लेम आहे" एवढंच सांगू नका. कुठल्या चकतीवर, जोर दिल्यावर की न देता, पडल्यानंतर सुरू झालं की हळूहळू वाढलं, हे सांगा, चांगला मेकॅनिक यावरूनच अर्धं ओळखतो. चेन माझ्यासमोर मोजा म्हणा, ठरल्यापेक्षा जास्त काही बदलायचं असेल तर आधी फोन करा म्हणा, काढलेले पार्ट परत द्या म्हणा. यात कुणाला राग यायचं कारण नाही, ज्याला राग येतो तिथे मी परत जात नाही. आणि ताब्यात घ्यायच्या आधी बाहेर एका चढावर, नसेल तर मागचा ब्रेक हलका दाबून जोराने, ज्या गिअरमध्ये त्रास होता त्यातच चालवून बघा, स्टँडवर सगळंच छान चालतं.

नवीन कॅसेट बसली की महिन्यातून एकदा चेन मोजायची सवय लावा. मी अर्ध्या टक्क्याला चेन काढतोच, आत्ता एकाच कॅसेटवर तिसरी चेन चालू आहे आणि एकही गिअर उडत नाही. चिखलातून आलात की आधी फडक्याने पुसा, मग प्रत्येक रोलरवर आतल्या बाजूने एकेक थेंब ल्युब, काही तास मुरू द्या आणि बाहेरचं सगळं पुसून काढा, कारण बाहेर राहिलेलं तेल मातीच धरतं आणि ती माती पॉलिश पेपरचं काम करते. साधा डब्ल्यूडी-४० हे चेनचं ल्युब नाही, तो मुळात पाणी हटवायला बनवलाय, पुसायला वापरा पण त्यानंतर खरं ल्युब घाला. पाण्याचा जोराचा फवारा हब (चाकाचा मधला भाग) आणि क्रँकच्या (पेडलच्या दांड्याच्या) बेअरिंगवर मारू नका. आणि चढ सुरू व्हायच्या आधीच गिअर हलका करा, पूर्ण जोरात असताना बदललात की जो कडकन आवाज येतो त्यात दातांचा नाश होतो.

जुनी चेन मिळाली की मोजून किती भरली आणि सायकल किती स्पीडची आहे ते खाली लिहा, मग कॅसेट घ्यायची की नाही हे जास्त खात्रीने सांगता येईल.