दुसरं वाक्य

‘मी सगळ्यांचं ऐकून घेतो, तरी ऑफिसात माझ्याशी कुणी मोकळेपणाने बोलत नाही. माझं कुठे चुकतंय?’ हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्यांत शाळेच्या मुख्याध्यापिका असतात, बँकेचे मॅनेजर असतात, नर्सिंगच्या इनचार्ज सिस्टर असतात. मला मात्र तो ऐकला की चाकणच्या एका कारखान्यातले प्रेस शॉपचे, म्हणजे पत्रा दाबून सुटे भाग काढणाऱ्या यंत्रांच्या विभागाचे, शिफ्ट सुपरवायझर आठवतात. वय 46, नोकरीची 22 वर्षं त्याच शॉपमध्ये. त्यांच्या परवानगीनेच लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत. शॉपवरची मुलं त्यांना ‘दादा’ म्हणतात, तर इथेही दादाच.

दादा आपणहून आले नव्हते, एचआरने पाठवलं होतं. तीन महिन्यांत त्यांच्या शिफ्टमधल्या तीन ऑपरेटरांनी दुसऱ्या लाइनवर बदली मागितली होती. कारण विचारलं तर तिघांचं एकच उत्तर, ‘असंच.’

“मॅडम, माझ्याकडे कुणी आलं आणि मी ऐकलं नाही, असं एकदा तरी झालंय का, विचारा कुणालाही,” दादा म्हणाले. मग त्यांनी आपणच डायचा, म्हणजे प्रेसमध्ये पत्र्याला आकार देणाऱ्या साच्याचा, किस्सा सांगितला. दोन नंबरच्या प्रेसवरचा मुलगा सेकंड शिफ्टला त्यांच्याकडे आला आणि म्हणाला, “दादा, त्या डायचा आवाज जरा...” दादा चालता चालताच म्हणाले, “कळलं, ऑइल मार आणि चालव.” दोन दिवसांनी पंच, म्हणजे डायमधला पत्र्यावर दाबला जाणारा भाग, तुटला, डाय दुरुस्तीला टूलरूमला गेली, लाइन सहा तास बंद. वरून फोनावर फोन. आणि तो मुलगा सगळ्यांसमोर म्हणाला, “मी दादांना सांगितलं होतं की.”

“कुठे सांगितलं होतं?” दादांचा आवाज माझ्या खोलीतही चढला. “आवाज येतो एवढंच म्हणाला. प्रेस आहे, आवाज येणारच!”

माझ्या मते दोघंही खरं बोलत होते.

आमच्या त्या पहिल्या तासातच मला एक गोष्ट जाणवली. “घरी साधारण...” एवढं मी म्हटलं, तर दादा म्हणाले, “घरी काही प्रॉब्लेम नाही मॅडम, बायको समजूतदार आहे.” मला विचारायचं होतं, घरी साधारण किती वाजता पोचता. असं तीनदा झालं. उत्तरं सगळी नीट होती, फक्त मी न विचारलेल्या प्रश्नांची होती.

हा उद्धटपणा नव्हे, हे आधी सांगते. कामात मुरलेल्या माणसाला अर्ध्या वाक्यावरून पुढचं ओळखायची सवय लागते. बहुतेक वेळा त्याचा अंदाज बरोबरही येतो, म्हणून ती सवय पक्की होते. डॉक्टरांचंही तेच. 1984 साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की पेशंट आपली तक्रार सांगायला लागला की सरासरी 18 सेकंदांत डॉक्टर त्याला तोडतात. आकडा सांगितल्यावर दादा हसले. “18 सेकंद? आमच्याकडे तेवढ्यात प्रेसमधून जॉब निघतात मॅडम.”

दुसऱ्या भेटीत मी त्यांना एक काम दिलं. डायचा किस्सा पुन्हा सांगा, पण त्या मुलाच्या तोंडून. तुम्ही तो ऑपरेटर, मी दादा. ते जरा अवघडले, मग खुर्चीत पुढे सरकून म्हणाले, “दादा, त्या डायचा आवाज जरा...” आणि थांबले. मी गप्प राहिले. पंखा फिरत होता. त्यांनी दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं.

“पुढचं मला माहीतच नाही,” ते म्हणाले. “दुसरं वाक्य मी ऐकलंच नाही ना.”

त्या आठवड्याचा अभ्यास एवढाच होता, त्या मुलाकडून दुसरं वाक्य काढून आणायचं. माफी नको, खुलासा नको. पुढच्या भेटीत दादा हात हलवत आले. विचारलं तर मुलगा म्हणाला होता, “जाऊ द्या ना दादा, झालं ते.” मला यात नवल वाटलं नाही. ज्या माणसाने कधी विचारलं नाही तो अचानक विचारू लागला, की समोरच्याला आधी चौकशी लागल्यासारखंच वाटतं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा कुठे, कंपनीच्या बसची वाट बघत दोघं शेजारी उभे असताना, मुलगा बोलला. आवाज सोमवारपासून बदलला होता. त्याने पहिल्या शिफ्टच्या सेटरलाही, म्हणजे प्रेसवर डाय बसवणाऱ्यालाही, सांगितलं होतं. आणि मग प्रेस स्वतःच का थांबवली नाही? तर मागे एकदा थांबवली होती, तेव्हा दादा त्याला सगळ्या लाइनसमोर बोलले होते. दादांना तो प्रसंग आठवतही नव्हता.

हे मला सांगताना दादा सारखे उजवीकडे वळून बसत होते, डावा कान माझ्याकडे येईल असे. तेव्हा माझी ट्यूब पेटली, आणि तीही उशिराच. पहिल्या भेटीतच विचारायला हवं होतं. घरी टीव्ही मोठ्याने लावता का? “मुलगी ओरडते त्यावरून,” म्हणाले. मी त्यांना ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्यायला पाठवलं. आलेखात दोन्ही कानांना 4000 हर्ट्झच्या आसपास खड्डा, म्हणजे त्या बारीक आवाजांना ऐकू कमी, उजवीकडे जास्त. वर्षानुवर्षं आवाजात काम केलेल्यांच्या आलेखात हा खड्डा तिथेच दिसतो. आपल्या कारखान्यांत आठ तासांसाठी 90 डेसिबलची मर्यादा आहे, आणि आवाजाने येणारा बहिरेपणा हा कळवणं कायद्याने बंधनकारक असलेल्या आजारांत मोडतो. पण दादांच्या लेखी इअरप्लग म्हणजे नव्या पोरांची थेरं.

अशा माणसाला आवाज ऐकू येतो, शब्द निसटतात. स, श, फ असे बारीक आवाज आधी जातात. शिफ्ट बदलताना कुणी ‘साठ’ म्हणालं आणि ‘स’ हरवला, तर हाती ‘आठ’ उरतात. मग मेंदू मधली जागा अंदाजाने भरतो, आणि तोंड ‘कळलं, कळलं’ म्हणून मोकळं होतं. ‘पुन्हा सांग’ म्हणायला सुपरवायझरला लाज वाटते. म्हणून माझा आग्रह आहे, गोंगाटात काम करणारा कुणी ‘मी ऐकत नाही म्हणतात’ अशी तक्रार घेऊन आला, की त्याच्या स्वभावाला हात घालायच्या आधी त्याचे कान तपासावेत.

अर्थात सगळं कानांवर ढकलता येत नाही. माझी खोली शांत होती आणि तिथेही ते मला तोडत होतेच. त्यामुळे दोन्हीकडून काम सुरू केलं. इअरप्लग आले. महत्त्वाचं बोलणं प्रेसपाशी न करता इन्स्पेक्शनच्या टेबलापाशी करायचं ठरलं. आणि उत्तर देण्याआधी ऐकलेलं परत बोलून दाखवायचं, “म्हणजे आवाज सोमवारपासून बदललाय, बरोबर?” पहिले चार दिवस दादांनी याचा पार पोपट केला. “म्हणजे तुला पाणी प्यायला जायचंय, बरोबर?” मुलं खिदळली, “दादा ट्रेनिंगला जाऊन आले वाटतं.” चूक माझी होती. प्रत्येक वाक्याला हे करायचं नसतं, हे मी नीट सांगितलंच नव्हतं. काम, मशीन किंवा मनातली खदखद असेल तिथेच करायचं.

वर्कशॉपांत शिकवतात तसं डोळ्यांत डोळे घालून ऐका, मान डोलवा, हे मी दादांना सांगितलं नाही. आपल्याकडे साहेबाने रोखून पाहिलं की पोरगा निम्मं गिळतो. शेजारी उभं राहून दोघांनी मशीनकडे बघत बोललेलं चांगलं. बसस्टॉपवर तेच तर झालं होतं.

शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात 1928 ते 1930 या काळात 20 हजारांहून जास्त कामगारांच्या मुलाखती झाल्या. सुरुवातीला ठरलेले प्रश्न होते, पण माणसं भलतीकडेच वळत. शेवटी मुलाखत घेणाऱ्यांनी प्रश्न बाजूला ठेवले आणि माणूस बोलेल ते ऐकलं. हे सांगितल्यावर दादा म्हणाले, “आणि प्रॉडक्शन कोण काढत होतं?” प्रश्न रास्त आहे. शिफ्टमध्ये 30 माणसं असताना प्रत्येकाचं सगळं ऐकणं होत नाही. “आत्ता नाही, जेवणाच्या सुट्टीत ये” म्हणणं आणि सुट्टीत खरंच टेबलाशी थांबणं, एवढं होतं.

तिघांपैकी दोघांची बदली व्हायची ती झालीच. डायवाल्या मुलाने अर्ज मागे घेतला. कारण त्याने एचआरला सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

शेवटच्या भेटीत दादांनी खिशातली छोटी वही दाखवली. ऑपरेटर जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहायला मी सांगितलं होतं. शेवटच्या पानावर, आदल्या रात्रीच्या तारखेखाली, तेलकट बोटाच्या डागाशेजारी लिहिलं होतं: ‘चार नंबरवाल्याला मध्येच तोडलं. चहाला परत विचारलं. काही नाही म्हणाला. उद्या विचारणे.’