छाप एकच, खंजीर वेगळे: जर्मन शिकारी शस्त्रांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्याकडे दोन हिर्शफेंगर, म्हणजे जर्मन शिकाऱ्यांचे लांब खंजीर, आहेत. दोन्ही पात्यांवर राजा आणि शिरस्त्राण घातलेला सरदार अशी जोडमुखांची छाप आहे. पण एकाची मूठ खडबडीत शिंगाची, तीन बोंडे ठोकलेली. दुसऱ्याची काळ्या लाकडाची. शिंपल्याच्या आकाराच्या परजेवरची (मूठ आणि पाते यांच्यामधल्या, हात राखणाऱ्या भागावरची) नक्षी जुळत नाही आणि पात्यांच्या रुंदीतही दीड-दोन मिलिमीटरचा फरक आहे. यातला एक नकली समजायचा का? (पुणे)

एवढ्यावरून नाही. ही छाप सोलिंगन या जर्मनीतल्या पाती घडवणाऱ्या शहरातल्या वायर्सबर्ग, किर्शबाउम आणि कंपनीची, म्हणजे डब्ल्यूकेसीची. दोन जुनी घराणी १८८३ मध्ये एकत्र आली. राजाचे डोके वायर्सबर्गचे, शिरस्त्राण किर्शबाउमचे. छाप खरी असेल तर पाते १८८३ नंतरचे, इतके ठामपणे सांगता येते. त्यापुढे ती फारशी मदत करत नाही, कारण सोलिंगनमध्ये अख्खा खंजीर एका छपराखाली क्वचितच बनायचा. पाते घडवणारा एक, धार लावून घासणारा दुसरा, नक्षी उठवणारा तिसरा, मूठ बसवणारा चौथा. यातले बरेच जण स्वतःच्या घरी किंवा भाड्याच्या जागेत काम करणारे कारागीर होते. वुप्पर नदीच्या पाण्यावर चालणाऱ्या धारशाळांपैकी बाल्कहाउजर कोटन आणि विपरकोटन आजही पाहायला मिळतात. शिवाय एकच नमुना साध्या किंवा कोरीव पात्याचा, शिंगाच्या किंवा लाकडाच्या मुठीचा, अशा वेगवेगळ्या किमतींत मिळायचा. तुमच्या दोन मुठींचा फरक बहुधा गिऱ्हाइकाच्या खिशाचा आहे.

रुंदीतला फरक हाताने घासलेल्या पात्यात अपेक्षितच आहे. पन्हळ, म्हणजे पात्याच्या लांबीतली खोलगट खाच, दोन्ही बाजूंना नेमकी एकाच रेषेत संपत नसेल तर उलट बरे वाटावे. संशय घ्यायचा तो भाग एकमेकांत नीट बसत नसतील तेव्हा. परजेतली फट पात्यापेक्षा रुंद आहे आणि आत पत्र्याची पाचर घातलेली आहे. किंवा मुठीच्या टोकाला पात्याच्या शेपटीची (मुठीतून जाणाऱ्या अरुंद भागाची) ठोकलेली गुंडी चकचकीत आहे आणि भोवतीचे पितळ मात्र काळवंडलेले आहे, तर शस्त्र उघडून पुन्हा जोडलेले आहे. पात्याच्या खांद्याशी आणि परजेच्या फटीत साचलेला मळ एकाच रंगाचा असायला हवा.

परज अस्सल की मूळ परजेवरून ओतलेली नक्कल, हे व्हर्नियर कॅलिपरने कळते. मूळ परजेचा साचा घेऊन नवे पितळ ओतले की ते थंड होताना सुमारे दीड टक्का आकसते. ९० मिलिमीटरचा शिंपला साधारण सव्वा-दीड मिलिमीटरने लहान भरतो. शिवाय मूळ ओतकामावर नंतर छिन्नीने केस, पिसे, पानांच्या शिरा कोरून काढलेल्या असत. नकलेत त्या बुजतात, हरणाचा डोळा नुसता फुगीर ठिपका राहतो. एकाच नमुन्याच्या दोन परजा शेजारी ठेवून मोजा. वेगवेगळे नमुने मोजून काही हाती लागत नाही.

प्रश्न : पात्यावर रानडुक्कर आणि कुत्र्यांची नक्षी आहे. विकणारा म्हणतो मूळची, मित्र म्हणतो नंतर काढलेली. कसे ओळखायचे? (नाशिक)

दहापट भिंग घ्या आणि गंजाचा एखादा खड्डा शोधा. नक्षी आधीची असेल तर खड्डा तिला खाऊन पुढे गेलेला दिसतो, रेष तिथे तुटते. नक्षी नंतरची असेल तर रेष खड्ड्यात उतरून पलीकडे वर येते. या एका खुणेवर आम्ही बाकी दहा गोष्टींपेक्षा जास्त भरवसा ठेवतो.

जुनी नक्षी आम्लाने खाल्लेली असे. पात्यावर मेण किंवा डांबरासारखा थर द्यायचा, नको तो भाग झाकायचा, उघड्या पोलादाला आम्ल लावायचे. त्यामुळे खोलगट भागाचा तळ बारीक रवाळ दिसतो आणि कडा किंचित मऊ. लेसरने केलेल्या कामात तळाशी समांतर ओळी दिसतात. झीजही पाहा: म्यानात घासणाऱ्या उंच भागावर नक्षी फिकट आणि पन्हळीच्या खोलात ठळक असते. सगळीकडे सारखी काळी-पांढरी असेल तर सावध व्हा.

दमास्कस, म्हणजे अंगावर लहरी दिसणाऱ्या थरांच्या पोलादाच्या, पात्याला वेगळी कसोटी. खऱ्या थरांच्या पोलादात लहरी पाठीवरून वळसा घेऊन दुसऱ्या बाजूला जातात. पाठ कोरी आणि दोन्ही बाजूंना मात्र लहरी, तर ती आम्लाने रंगवलेली शोभा आहे. जर्मनीत तीही जुन्या काळापासून होत आली, म्हणजे ती नकली नव्हे, फक्त स्वस्त.

प्रश्न : छापेखेरीज काळ ठरवायला काय पाहावे? (बेळगाव)

धातू आणि अक्षरे. जर्मन सिल्व्हर (तांबे, निकेल आणि जस्ताचा चांदीसारखा दिसणारा मिश्रधातू) जर्मनीत बाजारात आले ते १८२३ च्या सुमारास, त्यामुळे त्या धातूची परज असलेला खंजीर 'अठराव्या शतकातला' म्हणून विकला जात असेल तर परज तरी नंतरची आहे. विजेवरचा मुलामा १८४० नंतरचा. त्याआधीचा सोन्याचा मुलामा पाऱ्याचा, जाड आणि खोबणीतही टिकलेला. 'मेड इन जर्मनी' हे शब्द १८८७ च्या ब्रिटिश कायद्यानंतर निर्यातीच्या मालावर आले, पण ते नसले म्हणून माल त्याआधीचा ठरत नाही, कारण देशात विकायच्या मालाला त्यांची गरज नव्हती. 'डी. आर. जी. एम.', म्हणजे जर्मनीतल्या नमुना-नोंदणीची खूण, १८९१ नंतर. 'रोस्टफ्राय', म्हणजे न गंजणारे, असे कोरलेले पाते पहिल्या महायुद्धाच्या आधीचे समजू नका. 'वेस्ट जर्मनी' असेल तर १९४९ ते १९९०.

प्रश्न : पांढरी मूठ हस्तिदंताची की सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या प्लास्टिकची? (ठाणे)

मुठीचे कापलेले टोक दिसत असेल तर भिंगातून एकमेकांना छेदणाऱ्या कमानदार रेषा शोधा, त्या हस्तिदंताच्या. हाडात बारीक काळसर टिंबे आणि चिरा दिसतात. सेल्युलॉइडवर सरळ, एकसारख्या अंतरावरच्या रेषा मुद्दाम पाडलेल्या असतात. अंगठ्याने जोरात घासून गरम करा आणि वास घ्या: कापराचा वास आला तर सेल्युलॉइड, कारण त्यात कापूर असतोच. तापवलेली सुई टोचू नका. सेल्युलॉइड भडकन पेटते, आणि हस्तिदंत असेल तर कायमचा डाग पडतो.

सेल्युलॉइड कुजू लागले की आम्लाची वाफ सोडते आणि शेजारचे पोलाद गंजते. मूठ चिरलेली, पिवळी, घाम आल्यासारखी दिसली तर तो खंजीर इतरांपासून वेगळा, हवा खेळती असेल तिथे ठेवा.

प्रश्न : पाते म्यानात पूर्ण बसत नाही, चार मिलिमीटर बाहेर राहते. म्यान दुसऱ्याचे असेल का? (रत्नागिरी)

असेलच असे नाही. चामडे वाळून लांबीत आकसते. मोहनाळ आणि तहनाळ (म्यानाच्या तोंडाचे आणि टोकाचे धातूचे भाग) हललेले नसतील, पात्याचा बाक आणि रुंदी म्यानाशी जुळत असेल, तर म्यान मूळचेच मानायला हरकत नाही. जोर लावून पाते आत ढकलू नका, मागची शिवण उसवते.

कोकणच्या हवेत पाते म्यानात ठेवणे हीच मोठी चूक. कमावलेल्या चामड्यातली आम्ले आणि ओल मिळून पात्यावर तांबडे पट्टे उठवतात. पाते वेगळे ठेवा, हातमोजे घालून धरा, मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या. खोबरेल नको, ते चिकट होते आणि धूळ धरते. पितळेला चिंच, लिंबू किंवा भांड्यांची पावडर लावलीत तर चमक येईल, पण खोलगट भागातला मुलामा आणि छिन्नीच्या बारीक खुणा जातील. खंजिराची निम्मी किंमत त्यांच्यातच असते.

प्रश्न : म्युनिकला राहणारा मुलगा तिथून एक हिर्शफेंगर आणणार आहे. काही अडचण? (सोलापूर)

अडचण आहे. ९ इंचांपेक्षा लांब पाते भारतात शस्त्र नियमांखाली येते आणि हिर्शफेंगरचे पाते बहुतेक वेळा त्याहून लांबच असते. तिकीट काढण्याआधी आयात परवान्याबद्दल लेखी विचारणा करा; विमानतळावर समजावून सांगण्यात अर्थ नाही. हस्तिदंती मूठ असेल तर विचारच सोडा. शिंगाचीही चौकशी लागते: भारतातल्या सांबराचे शिंग युरोपच्या सुरी-कारखान्यांना पूर्वी भरपूर जायचे, म्हणजे मूठ जर्मन हरणाचीच असेल असे नाही, आणि सांबर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे. शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू एकदा भारतात आली की पुरावस्तू कायद्यामुळे ती मुलाला पुन्हा म्युनिकला नेता येणे अवघड, हेही त्याला आधीच सांगा.