परसातल्या कोंबड्यांवर घिरट्या घालणारा पक्षी ससाणा आहे का? त्याचा धोका किती?

तुम्ही पाठवलेल्या फोटोत शेपटीला खाच दिसतेय, म्हणजे ही घार. शेपटी पूर्ण पसरली की खाच जवळजवळ नाहीशी होते, म्हणून एका फोटोवर जाऊ नका. घार वळताना शेपटी सुकाणूसारखी तिरपी करते, ते बघा. घिरट्या घालणारी घार बहुधा उकिरडा, मेलेला उंदीर असलं काहीतरी शोधत असते. तिचं वजन किलोच्या आतच, त्यामुळे दीड-दोन किलोची कोंबडी उचलणं तिला झेपत नाही. पिल्लं मात्र ती बिनदिक्कत उचलते.

खरी काळजी न दिसणाऱ्याची. शिक्रा हा शिकारी पक्षी जेमतेम कबुतराएवढा, पाठ राखाडी, छातीवर तांबूस आडव्या रेघा. तो झाडात गुपचूप बसतो आणि जमिनीलगत सुसाट येतो. तोही पिल्लांचाच गिऱ्हाईक. मोठ्या कोंबडीला भीती गरुडाची किंवा मोठ्या ससाण्याची.

आणि रात्रीतून कोंबडी गेली असेल तर घारीला दोष देऊ नका, ती तेव्हा झोपलेली असते. मांजर, घुबड यांच्याकडे बघा.

पिल्लं दोन-अडीच महिन्यांची होईपर्यंत वरून जाळी हवीच. मोठ्यांना दडायला झुडूप किंवा आडोसा पुरतो. कोंबडा असेल तर उत्तमच: एक डोळा आभाळाकडे तिरका करून तो असा काही ओरडतो की क्षणात अंगण रिकामं! बुजगावणं मात्र चार दिवसांचं. नंतर पक्षी त्यावरच येऊन बसतात.